नेढ्याच्या कडेने आलेला माणूस

पेणहून रोह्याला जाताना एस्टीत खिडकीची जागा मिळाली, तर नागोठणं मागे पडल्यावर एका वळणावर डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेलं भोक दिसतं. पापणी लवेपर्यंतच दिसतं. त्यातून पलीकडचं आभाळ टिकलीएवढं डोकावतं आणि लगेच झाडं आड येतात. आम्ही त्याला नेढं म्हणतो. सुईला असतं तसं डोंगराला. वाऱ्यापावसाने कातळ मधूनच झिजला आणि वर कमान तेवढी राहिली, असं शाळेत गुरुजी सांगायचे. कुणी विचारलं तर मीही तेच सांगते.

हल्ली तिथे मुंबईची पोरंपोरी येतात. पाठीला पिशव्या, डोक्याला टोप्या, हातात मोबाइल. कमानीपुढे उभं राहून फोटो काढतात, वडापाव खातात, कागद तिथेच टाकतात आणि खाली येऊन म्हणतात, काय हो, एवढंच? एवढंच आहे खरं. चहा पिऊन निघालं तर जेवायला घरी परत येतो माणूस. वाट इतकी सोपी की माझ्या या गुडघ्यांनाही जमेल. पण मी त्या वाटेने एकदाच गेले आणि पुन्हा पाऊल टाकलं नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून कुणी म्हणेल की बाईचं डोकं फिरलंय, तर म्हणू दे. ऐकावं जनाचं, करावं मनाचं.

मी मूळची पेणची. वडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायचे, आणि आम्ही बहिणी श्रावणात शाळा बुडवून हाताखाली असायचो. एका साच्यातून निघालेले गणपती ओळीने फळ्यांवर वाळत ठेवलेले असत. बघणाऱ्याला सगळे सारखे. मला मात्र कधी सारखे वाटले नाहीत. कुणाची पापणी जरा जड, कुणाच्या सोंडेत किंचित राग. एखादा गणपती या फळीवरून त्या फळीवर हलवला तरी मी सांगायची, हा काल इथे नव्हता. वडील हसायचे, म्हणायचे, पोरीचा डोळा वाईट आहे. या डोळ्याने पुढे मला फार छळलं.

माघात लग्न होऊन मी रोह्याच्या अलीकडच्या त्या डोंगराखालच्या गावात आले. भातशेती, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, आणि घरात माणसं तीन. सासूबाई, मी आणि हे. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं. आजही जिभेवर येत नाही, म्हणून इथेही ‘हे’च म्हणणार. हे उंच, अंगाने शिडशिडीत, रोह्याच्या एका कंपनीत टेम्परवारी, शिफ्टला जाणारे. स्वभावाने गमत्या. आंघोळीच्या वेळी मोठ्याने गाणी म्हणायची आणि निम्मी कडवी विसरायची. आणि आमच्या घराच्या चौकटीला रोज डोकं आपटायचं. बालपणापासून त्याच घरात राहिलेला माणूस, पण आत शिरताना रोज कपाळ धाडकन वरच्या लाकडाला. सासूबाई चुलीपुढूनच म्हणायच्या, “आला वाटतं.” मी पहिल्या आठवड्यात घाबरायची, दुसऱ्या आठवड्यापासून हसायची. जित्याची खोड, दुसरं काय.

मला ते आवडायला लागले होते. सरळ लिहिते, आता या वयात लाजायचं कशाला? लग्नाआधी एकदाच बघितलेला माणूस, आणि दोन महिन्यांत अशी गत की शिफ्ट सुटायच्या वेळेला माझे कान रस्त्याकडे.

वैशाखात यांचा व्हिसा आला. आमच्या गावाच्या खालच्या आळीत मुसलमानांची घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. त्यातले एक चाचा कित्येक वर्षं गल्फला होते. त्यांनीच यांचं काम जमवलं. वाळवंटात कुठेतरी पाइप टाकायचं काम, करार दोन वर्षांचा. चाचा घरी येऊन सासूबाईंना म्हणाले की पोराची काळजी करू नका, माझ्या खोलीतच राहील. सासूबाईंनी मान हलवली आणि विचारलं, नेढ्याला कधी जायचं? चाचा म्हणाले, शनिवारी विमान आहे, त्याआधी करून घ्या. त्यांच्या घरचीही माणसं जाण्याआधी नेढ्याला जाऊन येत.

हे सगळं मला नवीन. पेणला असलं काही नव्हतं. त्या रात्री भांडी घासताना सासूबाईंनी मला ती रीत समजावली. लांबच्या मुलखाला जाणारा पुरुष जाण्याआधी बायकोबरोबर नेढ्याला जातो. भर दुपारी, सावली पायाखाली येते तेव्हा. मी म्हटलं, दुपारच्या वेळेला तर डोंगरात जाऊ नये म्हणतात. त्या म्हणाल्या, “माणूस आन सावली येक असतात तवाच जायचा. म्हंजे येकच जातो आन येकच परत येतो.” तर पुरुष नेढ्यातून वाकून पलीकडे जातो. बायको अलीकडे उभी राहते. मग तिने एकदाच हाक मारायची, घरी चला म्हणून. डोंगरात कुणाचं नाव घ्यायचं नाही. दुसरी हाक मारायची नाही. आणि त्याने आला तसाच, नेढ्यातूनच, परत यायचं. कमानीच्या कडेने वळसा घालून यायचं नाही.

मी विचारलं, आणि कडेने आला तर?

सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. त्यांचे मालक, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी बोटीवर गेले होते. जायच्या गडबडीत नेढ्याला जायचं राहिलं. चार-पाच वर्षांनी परत आले, मग मरेपर्यंत याच घरात राहिले. शेती केली, पोर झालं, कधी हात उगारला नाही, कधी दारूला शिवले नाहीत. गाव म्हणायचं, नशीब काढलंस. “सगला बरा व्हता गो,” सासूबाई म्हणाल्या, “पन माझा नव्हता. माझा तिकडंच ऱ्हायला.” एवढं बोलून त्यांनी पुन्हा राख घेतली आणि भांडं घासायला लागल्या. यांनी परत यावं एवढीच माझी काळजी होती तोपर्यंत. यांनीच परत यावं, अशीही एक काळजी असते हे मला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी आम्ही गेलो. सासूबाई डोंगराच्या पायथ्याला आल्या आणि एका ऐनाच्या बुंध्याशी बसल्या. पुढे फक्त दोघांनी जायचं असतं. वाट खरंच सोपी होती, रुंद, गुरांची. पण आठवड्यापूर्वी डोंगराला वणवा लागून गेला होता, त्यामुळे गवताची काडी शिल्लक नव्हती. सगळी उतरण काळी, मधून तांबडी माती, त्यावर पांढरी राख. पाखरू नाही, किडा नाही. पावलागणिक राख उडायची आणि परत बसायची. अर्ध्या वाटेवर मला जाणवलं की आमच्या चालण्याचाही आवाज होत नाही. मी मुद्दाम बांगड्या वाजवल्या.

हे मात्र खुशीत. दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं होतं. मला चिडवत होते, दोन वर्षांत जाडी होऊन बसशील, ओळखू नाही आलीस तर दुसऱ्याच घरात शिरेन. मी म्हटलं, तुमचं डोकं आपटलं की घर ओळखाल. हसले. मग मला म्हणाले, नाव घेऊन हाक मार ना, इथे कोण ऐकतंय? मी म्हटलं, गप बसा, सासूबाईंनी सांगितलंय. मला यांचा राग आला तेव्हा. रीत खरी की खोटी हा प्रश्नच नाही. माझ्या जिवाची घालमेल चालली होती आणि यांना थट्टा सुचत होती.

नेढं जवळून बघितलं तर रस्त्यावरून दिसतं त्याच्या दसपट मोठं. कमरेत वाकून माणूस पलीकडे जाईल एवढं उंच, आणि आत चार पावलं जावं लागेल एवढं जाड. वारा फारसा नव्हता, तरी त्यातून एक बारीक आवाज येत होता. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी कुणी श्वास सोडावा तसा. मी कातळाला हात लावला, तर भर उन्हात तो गार होता. उजव्या अंगाला करवंदाची जाळी होती, वणव्यातून कशी कोण जाणे वाचलेली, आणि तिच्यामागून कमानीला वळसा घालून यायला पायवाट होती.

हे टोपी काढून वाकले, माझ्याकडे वळून एक डोळा मिचकावला आणि आत शिरले. पाठ दिसली, मग पलीकडच्या उजेडात पाय, मग काहीच नाही. मी पदर डोक्यावर घेतला. सांगितलं होतं तशी एकदाच हाक मारली. “अवो, घरी चला.”

नेढ्यातला आवाज थांबला.

कुणी तोंडावर हात ठेवावा तसा बंद झाला. मी वाट बघितली. पलीकडे चाहूल नाही. वाकून आत बघायचं मनात आलं, पण पाय उचलेना. पायाखाली बघितलं तर माझी सावली पावलांच्या आत गेली होती, दिसतच नव्हती. दुसरी हाक मारायची नाही हे एवढंच मी धरून ठेवलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे, थोडाच असेल, पण मला वाटलं की मी या डोंगरावर म्हातारी होणार.

आणि मागून कुणीतरी म्हणालं, “काय गो, किती हाका मारतेस?”

वळले तर हे. करवंदाच्या जाळीजवळ उभे, टोपी हातात. मी म्हटलं, तुम्ही कडेने का आलात? ते म्हणाले, तू या बाजूने हाका मारत होतीस म्हणून. सारखी मारत होतीस, या जाळीतून. मी म्हटलं, मी इथून हलले नाही आणि एकच हाक मारली. ते म्हणाले, मग मारली असेल दुसऱ्या कुणी गुराखिणीने, एवढं काय? मी भोवती बघितलं. सगळा डोंगर जळून उघडा पडलेला, माणूस काय, सरडा लपायला जागा नव्हती.

मी त्यांना परत आत जाऊन नेढ्यातून यायला सांगितलं. ते म्हणाले, झालं ना आता, भूक लागली. मी हात धरून ओढलं तर जरा चिडलेच. शेवटी आईला सांगायचं नाही असं ठरवून आम्ही उतरलो. उतरताना ते पुढे आणि मी मागे. ते थट्टा करत नव्हते. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. तीच मान, तोच तीळ.

पायथ्याशी सासूबाईंनी मुलाला वळायला लावलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नेढ्यातून जाताना आणि येताना असं दोनदा वाकलेल्या माणसाच्या पाठीला वरच्या कातळाची पांढरी भुकटी लागते, हे मला नंतर कळलं. त्यांनी आपल्या जवळजवळ कोऱ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. फक्त म्हणाल्या, “चला, भात निवला असंल.”

घरी आलो. मी मागे होते म्हणून मला दिसलं. हे दाराशी आले, डोकं खाली घातलं, आणि चौकटीला न आपटता आत गेले.

आता मला सांगा, यात घाबरण्यासारखं काय आहे? माणूस आत्ताच एका भोकातून वाकून गेला होता, त्याच सवयीने इथेही वाकला. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी त्या दिवशी स्वतःला असंच समजावलं आणि पुढेही समजावत आले. पण चुलीपुढे बसलेल्या सासूबाईंनी आवाजाची वाट बघत मान वर केली होती, ती तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी हे गेले. विमानतळावर निघताना त्यांनी मला जवळ घेतलं, आणि जवळ घेतलेली मी, शप्पथ सांगते, त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते की आणखी कुणी येतंय का.

त्या काळात गावात फोन नव्हता. गल्फची माणसं कॅसेट भरून पाठवायची. चाचांनी आधीच्या सुट्टीत आणलेला टेप आमच्याकडे दिला होता. मी बोलून कॅसेट भरायची, कुणी जाणारं असलं की त्याच्याबरोबर द्यायची, हे ती ऐकून तिच्यावरच आपलं बोलणं भरायचे आणि कुणी येणारं असलं की परत पाठवायचे. एकच कॅसेट हेलपाटे घालत होती. दिवसाउजेडी ओटीवर टेप लावून मी आणि सासूबाई ऐकायचो. आवाज यांचाच. बोलणं मात्र जपून, पाहुण्यासारखं. तब्येत कशी आहे, वाल किती झाले, पाऊस वेळेवर आला का. गाणी नाहीत, थट्टा नाही. मी मनाला सांगायची, उन्हात राबून माणूस थकतो.

दुसऱ्या वर्षी एकदा ती कॅसेट परत आली त्यात त्यांनी सांगितलं की शुक्रवारी कंपनीने सगळ्यांना गाडीतून वाळवंटात फिरायला नेलं होतं. गाडी थांबली तिथून थोडंच चालायचं होतं, लहान पोरगंही जाईल इतकं सोपं. सगळी वाळू, आणि मध्येच तांबड्या दगडाची कमान, आपल्या नेढ्यासारखी. दगड म्हणजे नुसती दाबून बसलेली वाळू, हात फिरवला की भुगा होतो. बाकीचे कमानीखाली सावलीला बसून जेवले. आज मी परत टेप घेऊन आलोय, ते म्हणाले, आणि कमानीच्या अलीकडेच उभा आहे.

मग ते बोलायचे थांबले, पण कॅसेट चालूच राहिली. वाऱ्याचा घूं असा आवाज. तोच आवाज, रिकाम्या घागरीचा. आणि त्या आवाजाच्या मागे, फार लांबून, बाईचा आवाज. “अवो.”

थोड्या वेळाने हे म्हणाले, “ऐकलंस काय गो?” आणि कॅसेट संपली.

सासूबाई म्हणाल्या, “बंद कर.” बंद झालेलीच होती. मी म्हटलं, माझाच आवाज आहे तो, याच कॅसेटवर आधी मी बोलले होते, पुसला गेला नसेल नीट. हे खरंही होतं. असं होतं, ज्यांनी टेप वापरलेत त्यांना माहीत आहे. पण कॅसेटमध्ये बोलताना मी कधी अवो म्हटलं होतं का, ते आठवेना. ती कॅसेट मी परत पाठवली नाही. दुसरी नवी आणली.

पुढची वर्षं इतर गल्फवाल्यांच्या बायकांसारखीच माझी गेली. दोन वर्षांनी हे यायचे, दीड महिना राहायचे, जायचे. अत्तर, घड्याळ, ब्लँकेट. मुलगी झाली, तिच्यावर यांचा जीव. वाईट म्हणून एकही बोट मला यांच्याकडे दाखवता येणार नाही. पण प्रत्येक वेळी एस्टीतून उतरून ते घराकडे यायला लागले की मी ओटीवर उभी राहून त्यांचा चेहरा तपासायची. डोळा वाईट ना माझा. साचा तोच, पण हा काल या फळीवर नव्हता, असं आतून कुणीतरी म्हणायचं. ते घरात यायचे, दरवेळी वाकून. मी हसून पाणी द्यायची. मी कधी रुसले नाही, कधी हट्ट केला नाही, कधी भांडले नाही. नवऱ्याशी भांडायला तो आपला आहे अशी खात्री लागते. शेजारणी म्हणायच्या, किती गुणी बाई.

सासूबाई गेल्या तेव्हा हे सुट्टीवर होते, हेही नशीबच. आईच्या उशाशी बसून तिचा हात हातात घेऊन होते. सकाळची वेळ, घरात माणसं. सासूबाईंनी डोळे उघडले, त्यांच्याकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे मान वळवली आणि विचारलं, “तो आला काय गो?” सगळे म्हणाले, बिचारीला भ्रम झालाय. यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, येतो आहे. काय सांगणार होते दुसरं? दुपारच्या आत गेल्या.

हे कायमचे परत आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगी पनवेलला असते. आम्ही दोघंच. यांना साखरेचा त्रास, कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागतं आणि शेजाऱ्यांना आमचं सगळं कळतं. बरं चाललं आहे. मागच्या थंडीतली गोष्ट. सकाळी ओटीवर उन्हात बसून आम्ही बिरडं सोलत होतो. मोड आलेले वाल सोलायचं काम यांना आवडतं, वेळ जातो. कोपऱ्यावरून ती मुंबईची टोपीवाली पोरं चालली होती, नेढ्याकडे. एका मुलाने विचारलं, काका, वाट कशी आहे? हे म्हणाले, सोपी हाय. पोरं गेली. हे सोलत राहिले. मग वर न बघता म्हणाले, “तुला येक सांगायचा हाय. रागावू नको.”

आणि त्यांनी सांगितलं. त्या दिवशी ते नेढ्यातून पलीकडे गेले तेव्हा बायकोच्या हाका जाळीच्या बाजूने येत होत्या. तिचाच आवाज, रडवेला. म्हणून ते तिकडे धावले, तर तिथे कुणी नव्हतं. पुढे आले तर कमानीसमोर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पाठमोरी उभी. लुगडं तेच, बांगड्या त्याच. ती वळली आणि त्यांच्याकडे अशी बघू लागली की जन्मात कधी बघितलं नसावं. ते म्हणाले, “तवाच मला कळला, ही ती नाय.”

माझे हात थांबले.

ते बोलत होते, अगदी शांतपणे, वाल सोलत. दुसऱ्या दिवशी निघताना जवळ घेतलं तर ती खांद्यावरून मागे बघत होती. पुढे कधी रुसली नाही, कधी भांडली नाही. पहिली केवढी भांडायची, नेढ्याच्या वाटेवरसुद्धा गप बसा म्हणाली होती. गल्फला त्या तांबड्या कमानीशी गेले तेव्हा तिची हाक परत ऐकू आली, म्हणून टेप चालू ठेवला होता. म्हटलं, घरी आहे तिला ऐकवावं, बघू ती काय म्हणते. तू काहीच नाही म्हणालीस.

मला राग आला, रडू आलं, आणि दोन्ही एकदम आलं. या माणसाला मी आयुष्यभर परका धरलं आणि हा मलाच परकी धरून बसला होता. मी विचारलं, मग दरवेळी परत का आलात इथे?

ते म्हणाले, “तू पन वाट बगत होतीस ना. तुला कोन होता दुसरा?”

मग मीही सांगितलं. सगळं. चौकट, मान, तीळ, त्यांच्या आईने शेवटी काय विचारलं त्याचा मी काय अर्थ घेतला ते. कान कमी ऐकतो म्हणून ओरडून सांगावं लागलं. ऐकून त्यांनी दोन-चार वाल सोलले. मला वाटलं, आता विचारतील की मग मी कोण? पण तसं काही नाही विचारलं. म्हणाले, म्हणजे ती दोघंही तिकडेच राहिली म्हणायची.

मी म्हटलं, व्हय, दिसतंय तसंच.

“ऱ्हावंदे,” हे म्हणाले. “येकमेकांना हायत तरी.”

मी डोंगराकडे बघितलं नाही. टोपलीत हात घातला आणि वाल सोलायला घेतले. ती पोरगी वीस-एकवीस वर्षांची असेल अजून, तोंडाने फटकळ, आणि तो गमत्या माणूस निम्मी कडवी विसरून गाणी म्हणत असेल तिच्यापुढे. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला, आणि शेजारी बसलेल्या या म्हाताऱ्याची इतकी माया आली की मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी भांडले, सालं टोपलीत का टाकता म्हणून.